मागचा पडदा बागेचाच

परवा हिंगोलीत फोटो काढायला गेले आणि पडद्यावरून भांडण करून आले. सरकारी दवाखान्यात नर्सची जागा निघालीय, माझं ट्रेनिंग पुरं झालंय, अर्जाला फक्त फोटो लावायचा राहिलाय. सोबत सासूबाई होत्या... विधवा सून फोटोवाल्याकडे एकटी कशी जाणार?

फोटोवाल्या चाचांकडे दोन पडदे. एकावर रंगवलेली बाग... कारंजं, गुलाबाचे ताटवे, तळ्यात बदकांची जोडी. दुसरा नुसता काळा. मी स्टुलावर बसले, चाचांनी माझ्या कपाळाकडे एकदा बघितलं आणि गुपचूप काळा पडदा सोडला.

"चाचा, बाग काहून न्हाई?"

चाचा माणूस भला, पण गडबडले. "बाई, बाग सुवासिनींना लावतो, नव्या जोडप्यांना लावतो. बेवा बाईला काळाच. कायदाच समजा."

"कुण्या सरकारचा कायदा?" मी विचारलं. सासूबाईंनी मागून चिमटा काढला. "गोदे, गप बस. लोकं काय म्हणतील?"

झालं, माझं डोकं फिरलं! नवरा गेल्यापासून जेवायला शेवटच्या पंगतीत, लग्नाला मागच्या दाराशी, हळदीकुंकवाला तर घराबाहेर पाऊलच टाकायचं नाही... आणि आता फोटोतसुद्धा अंधारात बसू? याच फोटोवर मला नोकरी मागायचीय. ते तोंड उजेडातलंच पाहिजे.

चाचांनी समजूत घातली. "बाई, नुसता चेहरा येणार. मागचं दिसून दिसून कितीक दिसणार?"

"मग तुमाला काय तकलीफ? लावा की बाग!"

चाचांनी काळा पडदा गुंडाळून ठेवला. बाग लागली. कॅमेऱ्याच्या कापडात डोकं घालून ते "हलू नका" म्हणाले आणि मी अजिबात हलले नाही. सासूबाई मात्र घरी येईपर्यंत माझ्यापासून दहा पावलं लांब चालल्या.

आज दोघी फोटो आणायला गेलो. चाचांनी आतल्या दाराला लावलेल्या चिकाच्या, बांबूच्या काड्यांच्या पडद्याआडून फोटो मागून घेतला. फोटोवरचं शेवटचं ब्रशाचं काम त्यांची बीवी करते, पण ती पडद्यात असते... गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही, गिऱ्हाईकही तिला दिसत नाही. फोटो हातात येताच चाचांचं तोंड पडलं.

फोटोत माझ्या कपाळावर कुंकू होतं! चांगलं ठसठशीत, गोल. शाई अजून ओली होती.

तिची तरी काय चूक? बागेसमोर बसलेली बाई दिसली, कपाळ रिकामं दिसलं, तिला वाटलं कुंकू फोटोत उठलं नाही. बागेतल्या सगळ्या बायांना लावते तसं मलाही लावून मोकळी झाली.

चाचांनी दोन्ही कान पकडले. "माफ करा बाई, गलती झाली. लढाईपायी फोटोचा कागद मिळून नाही राहिला, न्हाईतर दुसरा काढून दिला असता. पण ओल्या कापसानं पुसून देतो, मिनिटाचं काम हाय. अर्जात बेवा अन् फोटोत कुंकू... डॉक्टरसाहेब सवाल करतील, नोकरी जाईल तुमची."

ते बराबरच बोलत होते. नोकरी गेली तर पुन्हा चूल आणि मागचं दार. मी मान हलवणारच होते... तेवढ्यात त्यांनी कापूस पाण्यात बुडवला, आणि मला आमची ओसरी आठवली. नवरा गेला त्या दिवशी माझं कुंकू ओल्या पदरानं पुसलं होतं ते याच सासूबाईंनी. मला कुणी विचारलं नव्हतं.

मी फोटोवर हात आडवा धरला.

"चाचा, मी लावून मागितलं नव्हतं. पण एकदा पुसलं तेवढं बास झालं. पुन्यांदा न्हाई पुसू देणार."

माझा आवाज चढला होता, रस्त्यावरची माणसं आत डोकावायला लागली. डोकावू देत! चिकाआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. चाचा सासूबाईंना म्हणाले, "अम्मा, तुमी तरी समजवा हिला."

सासूबाई फोटोकडे बघत होत्या. मी म्हटलं, आता घरी गेल्यावर काही खरं नाही... आणि फोटो उचलून पिशवीत टाकायला गेले, तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली.

"पिशवीत नगं घालू. वलं हाय अजून... पुसलं जाईल."

आणि फोटो दोन्ही तळहातांवर धरून बाई भर बाजारातून माझ्या पुढं चालत आल्या. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू?

अर्ज उद्या जाणार, याच फोटोसकट. चिकाआडच्या भाभी, तुमचं तोंड मी पाहिलं नाही आणि माझं तुम्ही कागदावरच पाहिलंत... तुमचे लई उपकार झाले. साहेबांना विचारायचं तर खुशाल विचारू देत, हे कुणाच्या नावाचं कुंकू म्हणून. सांगीन, माझ्याच नावाचं.