साबणाने धुतलेली म्हातारी

घासूभाऊला मी कधी बसलेलं पाहिलं नाही. प्राणिसंग्रहालयात आम्ही अठरा वर्षं पिंजरे धुतले. पाण्याची नळी माझ्याकडे, कुंचा त्याच्याकडे. चहासुद्धा तो उभ्यानेच प्यायचा आणि पिता पिता बुटाच्या टोकाने फरशीवरचा डाग उकरायचा. कोपरा असा घासायचा, की बाकीच्यांना साहेबांची बोलणी बसायची.

माकडांवर मात्र त्याचा राग. "दिवसभर एकमेकांचे केस उपसत बसतात. एका आंघोळीचं काम."

एका मंगळवारी दाराच्या बिजागरीचं काळं ग्रीस म्हाताऱ्या माकडिणीच्या पाठीला लागलं. ती गरीब, चावत नसे. मी नळी गुंडाळायला गेलो तेवढ्यात घासूभाऊने कोणाला न विचारता तिला बाजूच्या खोलीत नेलं, घरून आणलेल्या वासाच्या साबणाने धुतलं, पुसलं आणि परत सोडलं.

तिच्या लेकी, नातवंडं जवळ आली. हुंगलं आणि मागे सरली. म्हातारी सवयीने एकेकीपुढे पाठ करून बसत होती. कोणी हात लावला नाही. शेवटी ती भिंतीकडे पाठ करून बसली. दुसऱ्या दिवशी तिने केळं घेतलं नाही.

डॉक्टर आले. "केस निवडणं म्हणजे नुसती सफाई नव्हे, घासूभाऊ. ते त्यांचं घरपण आहे. शनिवारपर्यंत कोणी जवळ घेतलं नाही, तर हिला वेगळं ठेवावं लागेल."

आधी वेगळी ठेवलेली एक माकडीण महिनाभरही जगली नव्हती. तिला आम्ही दोघांनीच उचललं होतं.

घासूभाऊची बायको तिथेच फळं चिरायच्या खोलीत कामाला. ती सुरी न थांबवता म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण. घरी मी धुतलेलं ताट परत धुता, ते मी सोसते. ती माकडं का सोसतील?"

"आता काय करू ते सांग."

"काही करू नका. त्यांच्या अंगाखालचं गवत तिच्या कोपऱ्यात टाका आणि पिंजऱ्याला हात लावू नका. भावजी, कुंचा काढून घ्या यांच्याकडून."

मी कुंचा कपाटात घालून कुलूप लावलं.

कष्ट मी पुष्कळ पाहिले. काम न करण्याचे एवढे कष्ट कोणाला पडलेले पाहिले नाहीत. तो जाळीपाशी येरझाऱ्या घालायचा. सालींवर माश्या बसल्या की त्याची बोटं वळवळायची. "नुसता कोपरा घेऊ?"

"नाही."

"दारापुढचं?"

"नाही म्हटलं ना."

शुक्रवारी वास रस्त्यापर्यंत आला. साहेब नाक धरून गेले. म्हातारी गवतात मुटकुळं करून पडली होती.

शनिवारी दुपारी डॉक्टर लहान पिंजरा घेऊन आले. दाराची कडी काढणार, तेवढ्यात धाकटी नात सरकत म्हाताऱ्या माकडिणीजवळ गेली. तिने आजीच्या मानेवरची काडी उचलली. हुंगली. मग दोन्ही हातांनी केस विंचरत बसली. म्हातारीने डोळे मिटले. थोड्या वेळाने एक लेकही आली.

डॉक्टर लहान पिंजरा उचलून परत गेले.

"आता पिंजरा धुऊ?" घासूभाऊने विचारलं.

"सोमवारी," मी म्हणालो. "आणि निम्माच."

माझ्या कॉलरला गवताची काडी अडकली होती, ती त्याने काढली. मग दुसरी. मी तसाच उभा राहिलो.