कसरीची साक्ष

आमचे हे रफूवाले. ह्यांनी बुजवलेलं भोक शोधून सापडत नाही. पण स्वतःचं तोंड बंद कसं ठेवायचं, ते काही ह्यांना अजून जमलेलं नाही.

त्या दिवशी वकीलबाई तणतणत आल्या आणि त्यांनी काळा लोकरी कोट माझ्या मशीनवर आपटला. "तुमच्याकडून नेला आणि दोन महिन्यांत चाळण झाली! ही लोकर खाणारी कसर तुमच्याच दुकानातली. आता एकही वकील इथे कोट टाकणार नाही, बघा."

निम्मं दुकान वकिलांच्या कोटांवर चालतं.

ह्यांना मात्र चेव चढला. कोट झटकला तर बारकं करडं पाखरू निघालं, तांदळाच्या दाण्याएवढं. ह्यांनी भिंग लावलं. "पंखांवर काळे ठिपके. दिव्याकडे जात नाही, अंधारात पळतं. हे बिचारं काही खात नाही हो, खाते ती ह्याची अळी. जी लोकर खाईल तिचीच पिशवी विणते आणि अंगावर घेऊन हिंडते. वाढेल तशी दोन्ही टोकांना विणत जाते. म्हणजे मधला रंग बघितला की कळलं, बाईसाहेब जन्मल्या कुठे!"

खिशाच्या शिवणीत तशी रिकामी पिशवी सापडली. टोकं काळी, मध्ये पोपटी. ह्यांनी भिंग खाली ठेवलं.

"पोपटी?" वकीलबाईंनी दुकानभर नजर फिरवली आणि वरमल्या. "तुमच्याकडे तर पोपटी काहीच नाही. माझंच चुकलं की."

सुटलो बाई एकदाचे, म्हणून मी कोटाची घडी घालायला घेतली. तेवढ्यात हे म्हणाले, "आहे." आणि ह्यांनी टेबलाखालची पत्र्याची पेटी ओढून, चिंध्यांच्या तळातून एक भोकं पडलेला पोपटी स्वेटर काढला.

लग्नानंतर मी ह्यांच्यासाठी विणलेला पहिला स्वेटर! बसमध्ये चोरीला गेला, असं मला सांगितलं होतं. त्या चोराचा मी अठरा वर्षं उद्धार करत होते!

"अगं, गळ्यातून डोकंच जात नव्हतं," हे पुटपुटले. "चार महिने खपत होतीस. सांगवेना. आणि टाकवेनाही."

वकीलबाई खुर्चीत बसून हसत सुटल्या. "स्वतःच्या विरुद्ध पुरावा शोधून देणारा आरोपी पहिल्यांदाच पाहिला. हा कोट नीट करा. माझे उरलेले दोन कोटही पाठवते."

मी आठवडाभर अबोला धरला. मग स्वेटरचा गळा उसवून मोठा केला. भोकं ह्यांनीच रफू केली, पोपटी लोकर मिळेना म्हणून काळ्या लोकरीने. आता भर उन्हाळ्यात तो घालून दुकानात बसतात. घामाच्या धारा लागतात, पण काढत नाहीत. मीही काढा म्हणत नाही.