बाबांनी उघडलेलं झाकण

हिंगणघाटच्या ज्या कापसाच्या जिनिंगमध्ये बाबा जन्मभर फिटर होते, तिथली जुनी यंत्रं भंगारात निघाली. ती जाण्याआधी बाबांना त्यांच्यापाशी उभं करून एक छोटी फिल्म करायची, हे माझ्या डोक्यात बसलं. काचबिंदूनं त्यांची नजर आकसत चालली होती. ती आहे तोवर त्यांनी स्वतःला पडद्यावर बघावं, एवढीच धडपड.

मोबाइलवर घेऊन लगेच दाखवता आलं असतं. पण हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायची माझी खोड! चित्र खऱ्या फिल्मवर, आवाज डिजिटल, मग दोन्ही कॉम्प्युटरवर जोडायचं. हवेत उडणारा कापूस फिल्मवरच जिवंत दिसतो, हे माझं मत आजही कायम आहे.

रीळ एकच मिळालं. बाबांनी पट्टा चढवला, सरकी गळू लागली. शेवटी मशीन बंद करून ते कॅमेऱ्याकडे बघून हसले. मी कॅमेरा थांबवला आणि रेकॉर्डर बंद करायला वळले. तेवढ्यात बाबांनी कॅमेऱ्याचं झाकण उघडलं.

"बाबा!" मी किंचाळलेच.

"काऊन वरडून राह्यली? मशीन तं बंद होती ना. पाहून राह्यलो, फोटो कसा आला तं."

मशीन थांबली की झाकण उघडून आत डोकवायचं, ही फिटरची सवय. मी झाकण फटकन लावलं, पण उजेड शिरला तो शिरलाच; न धुतलेल्या फिल्मला उजेड लागला की चित्र नासतं. रिळाचे वरचे वेढे शेवटच्या शॉटचे, म्हणजे त्यांच्या हसण्याचेच. मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही.

रीळ मुंबईला धुवायला गेलं. फोन केला की लॅबवाले म्हणत, "होईल मॅडम." माझ्या जिवाला घोर. इकडे बाबा चहाचा कप चाचपडून उचलू लागले. रोज विचारायचे, "आला का वं माहा फोटो?"

अखेर स्कॅन आलं. आवाज जोडून मी लॅपटॉप त्यांच्या नाकाशी धरला. पट्टा, सरकी, त्यांचे हात.

"दिसते का, बाबा?"

"आवाज आपल्याच मशीनचा हाय," ते म्हणाले. मला रडू फुटलं.

मग तो नासलेला तुकडा आला. मी तो कापूनच टाकणार होते. सगळीकडे आत शिरलेल्या उजेडाचे पांढरे-केशरी लोळ, मध्येच त्यांच्या चेहऱ्याची कड. बाबा एकदम पुढे सरकले.

"हे दिसून राह्यलं मले! हा मीच हाय ना?"

"हो बाबा," मी म्हटलं. "तुम्हीच."