प्यादं एकच घर

आमच्या सासऱ्यांइतका सावकाश माणूस साऱ्या कडेगावात जन्मला नाही, आणि जन्मला असलाच तर तो अजून घराबाहेर पडलेला नसावा. उसाला पाणी पाजताना ते पाटाकडेनं पाण्याच्याच चालीनं चालत. बुद्धिबळाचा पट मांडला की पहिलं प्यादं एक घर सरकवायला त्यांना दोन कप चहा लागे. मला बघायला आले तेव्हाही त्यांनी आधी पटच मांडला. मी सपाटून हरलो. "पोरगं रडी खात न्हाई," म्हणाले आणि मुलगी दिली. हरण्याचा मला आयुष्यात झालेला फायदा तेवढाच.

त्यांच्या तोडीचा खेळणारा एकच, आमच्या साताऱ्याचा एक सुभेदार, त्यांचा तालमीतला दोस्त. रजेवर आला की तो आधी कडेगाव गाठी. मग लढाई लागली आणि तो परमुलखात गेला. सासरे गावात कुणाशीही खेळत. पण वाटेवर बुटांचा आवाज झाला की हातातलं मोहरं हातातच राही. अशी किती वर्षं गेली.

सुभेदार परतला तो विलायती खेळ शिकून. पहिल्याच चालीला त्याचं प्यादं आपल्या देशी एका घराऐवजी दोन घरं गेलं.

"माघारी घे रं. प्यादं हाय ते, टोळ न्हाई!"

"सगळी दुनिया आसंच खेळती, गड्या."

"मग दुनियेसंगं खेळ की!"

सुभेदार न जेवता उठून गेला. पुढच्या रजेत फिरकलाच नाही. सासऱ्यांना घास गोड लागेना. शेवटी मला म्हणाले, "जावईबापू, त्यो दोन घरांचा खेळ शिकवा." हरण्यात मुरलेला मी त्यांचा गुरू झालो! पण पहिलं घर आलं की त्यांचं बोट आपोआप थांबे.

तसेच आम्ही साताऱ्याला गेलो. सुभेदारानं पट मांडला. सासऱ्यांनी डोळे मिटले आणि प्यादं दोन घरं ढकललं. सुभेदार त्या प्याद्याकडं बघत राहिला. मग त्यानं आपलं प्यादं एकच घर सरकवलं.

"का रं? तुजी दुनिया कुठं गेली?"

"हळू जाऊ, गड्या. तिकडं लय जणांचं डाव बिगीबिगी सरलं."

दिवेलागणीपर्यंत तो डाव निम्माही झाला नव्हता.

आता दोघंही नाहीत. माझा मुलगा माझ्याशी खेळताना सारखा घड्याळ बघतो. "बाबा, प्यादं दोन घरं जातं की!" म्हणतो. ठाऊक आहे मला. हरणार तर मी आहेच, पण सावकाश.