चव्वेचाळीस किलो गेले कुठे?

माया हाके जतजवळच्या चुनाभट्टीवर बावीस वर्षं वजनकाटा सांभाळत होती. बागलकोटकडून आलेली पांढरी चुनखडी तोलून भट्टीत जायची, भाजून निघालेला कळीचा चुना पुन्हा तोलून साखर कारखान्यांना रवाना व्हायचा. सातवीनंतर सुटलेली शाळा तिनं बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा धरली. बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून ती दहावीचा अभ्यास करत होती.

मार्चात साताऱ्याहून नवा मॅनेजर आला, वीरधवल. आधी तो ट्रान्सपोर्टमध्ये होता. पहिल्याच आठवड्यात वही बघून तो भडकला.

"शंभर किलो दगड आत, आणि छप्पन्न किलो चुना बाहेर? चव्वेचाळीस किलो कोण पळवतंय?"

भट्टी लावणाऱ्या अर्जुनाला आणि मल्हारला त्यानं घरी बसवलं.

"आवं साहेब, कायम एवढंच निघतंय," माया म्हणाली. पण का, ते तिलाही सांगता येईना.

संध्याकाळी ती जतला, तिला विज्ञान शिकवणाऱ्या क्रांतीबाईंकडे धावली. बाईंचे डोळे चमकले.

"माया, तू रोज रसायनशास्त्राचा नियम तोलतेस! डाल्टन नावाच्या शाळामास्तरानं दोनशे वर्षांपूर्वी सांगितलं, की प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूचं वजन ठरलेलं असतं. म्हणून पदार्थातलं प्रमाणही ठरलेलं. शुद्ध चुनखडी कुठल्याही खाणीची असो, भाजली की शंभरातले चव्वेचाळीस भाग वायू होऊन उडतात."

"वायूला वजन असतंय व्हय?"

"करून बघ! व्हिनेगरमध्ये टाकली तरी चुनखडीतून तोच वायू सुटतो."

दुसऱ्या दिवशी मायानं सगळ्यांसमोर नमुने तोलायच्या बारीक काट्यावर सोड्याची जाड बाटली ठेवली. तळाशी व्हिनेगर, तोंडाशी कागदात बांधलेली चिमूटभर चुनखडीची पूड, वर घट्ट झाकण. वजन लिहून घेतलं आणि बाटली हलवली. आत फसाफसा बुडबुडे उठले. शांत झाल्यावर काटा बघितला. आकडा तोच, तसूभर फरक नाही!

"आता बघा!" ती म्हणाली. झाकण सैल केलं. फुस्स! आकडा खाली घसरला.

"गेलं की!" भट्टीवरच्या शालूबाई ओरडल्या.

"चोर ह्यो वायू हाय, साहेब! बाटलीत कोंडला तवा वजन हललं न्हाई. भट्टीला झाकण न्हाई, म्हणून त्यो धुराड्यातनं जातोय!"

वीरधवल खाली वाकला, त्यानं स्वतः पुन्हा पुडी बांधली, पुन्हा तोललं. पुन्हा आकडा घसरला तेव्हा तो लहान पोरासारखा हसला. "मावशी, चुकलो मी." त्यानं तिथंच अर्जुनाला आणि मल्हारला फोन लावून माफी मागितली. दुपारपर्यंत दोघंही भट्टीवर हजर झाले.

माया मात्र थांबायला तयार नव्हती. सुट्टी होताच जतची एसटी पकडून ती बाईंच्या दारात उभी राहिली.

"बाई, समदं जुळलं! पण एक सांगा. अणू कुणाला दिसत न्हवता, मग त्या मास्तरला त्येचं वजन कळलं कसं?"

क्रांतीबाईंनी हसत खुर्ची पुढे ओढली आणि कोरी वही उघडली.