परळातलं कारंजं

सूर्यभान मास्तर मूळचे राणीसावरगावचे. घरात शेरडं-मेंढरं, बाप येडबा उभा जन्म त्यांच्यामागं रानोमाळ हिंडलेला. त्या घरातला पहिला पगारदार माणूस म्हणजे सूर्यभान. मानवतपासून सात मैलांवरच्या एका गावात ते सातवीला विज्ञान शिकवायचे. हाताचे कसबी, पोरांत रमणारे, पण भिडस्त. मोठ्या माणसापुढे त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि आठवडाभरात गावातल्या बौद्धवाड्यातली नऊ घरं जळाली. कुणी जाळली ते गावाला ठाऊक होतं. कुणी बोललं नाही, मास्तरही बोलले नाहीत. वाड्यातली पोरं शाळेत यायची थांबली. दिवाळीनंतर त्यांतली एकटी भिवरा परत आली. बारा-तेरा वर्षांची, धुरपताबाईची लेक. दप्तर घराबरोबर गेलेलं, म्हणून वह्या खताच्या पिशवीत. मागच्या बाकावर बसायची, विचारलं तेवढंच बोलायची.

जानेवारीत मानवतला विज्ञान प्रदर्शन भरणार होतं. पाणी आपली पातळी गाठतं, हा धडा नुकताच झालेला. मास्तरांनी टेबलावर मावेल एवढं कारंजं करायचं ठरवलं आणि पाच पोरं निवडली. त्यांत भिवरा होती, आणि सरपंच दिनकररावांचा मुलगा अंगदही.

सामान पोरांनीच जमवलं. कुंभाराकडून मातीचं पसरट परळ आलं, दुधनेच्या पात्रातून गुळगुळीत गोटे आणि शिंपले आले. कंपाउंडरनं सलाईनची जुनी नळी दिली. उंच स्टुलावर पाण्याचा डबा, नळीचं एक टोक डब्यात, दुसरं परळातल्या गोट्यांमधून वर काढलेलं. धार बारीक व्हावी म्हणून टोकाला काय बसवावं हे मास्तरांना सुचत नव्हतं. भिवरानं संपलेल्या रिफिलचं पितळी टोक काढलं, सुईनं त्यातली गोळी पाडली आणि पुढं केलं.

आता डब्यातलं पाणी नळीत उतरवायचं तर ते तोंडानं ओढायला हवं. अंगदनं ओढून पाहिलं, त्याला दम लागला. भिवरानं नळी तोंडात धरली. तिचे गाल आत गेले आणि तोंड पाण्यानं भरलं. तिनं पटकन नळी चिमटीत दाबली, पितळी टोक खोचलं आणि चिमूट सोडली. वीतभर उंच धार उडाली आणि शिंपल्यांवर पडू लागली. पोरं बघतच राहिली. भिवरा हसली. त्या वर्षात ती हसलेली मास्तरांनी पहिल्यांदाच पाहिली.

"मलाबी शिकव की," अंगद म्हणाला. तिनं त्याच नळीवर त्याला शिकवलं.

हे सगळं अंगदनं घरी जेवताना मोठ्या कौतुकानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो सुजलेला कान घेऊन शाळेत आला. मागोमाग दिनकरराव आले. खुर्चीत बसले, चहा घेतला. आवाज जराही चढवला नाही.

"गुर्जी, पोरायला तुमी लय चांगलं शिकवायलाव. पर ती नळी फेकून द्या, नवी आना. अन् त्या पोरीला मानवतला न्यायचं न्हाई."

"पण साहेब, तिनंच तर..."

"गाव आत्ता कुठं निवायलंय. पुन्ना काई झालं तर वाड्यातल्याच लोकायवर येईल. तुमाला पायजे का तसं?"

मास्तरांनी मान हलवली. पोरीच्याच भल्याचं आहे, असं ते दुपारपर्यंत मनाशी घोकत राहिले, आणि दुपारपर्यंत ते त्यांना थोडंफार खरंही वाटू लागलं.

मधल्या सुट्टीत त्यांनी भिवराला बोलावलं. "तू या खेपेला येऊ नको. गर्दी असते तिथं. पुढच्या वर्षी नेतो तुला."

"मंग पानी कोन वढंल?"

"अंगद वढंल."

"आपली नळी शाळेमागच्या उकिरड्यावर पडलीय गुर्जी. म्या बघितली."

भिवरानं खताची पिशवी उचलली आणि घंटा व्हायच्या आत घरी निघून गेली.

मानवतला प्रदर्शनात कारंजं मांडलं. नवी नळी, नवं पाणी. अंगद मात्र तोंड मिटून उभा राहिला. "माझ्यानं व्हत न्हाई," एवढंच म्हणाला. शेवटी मास्तरांनीच वाकून पाणी ओढलं. धार उडाली, लोक जमले. तपासायला आलेल्या साहेबांनी विचारलं, "कल्पना कुणाची?" चारही पोरांनी मास्तरांकडे पाहिलं.

"वर्गाची," मास्तर म्हणाले. कारंज्याचा दुसरा नंबर आला.

आठ दिवस झाले तरी भिवरा शाळेत आली नाही, तेव्हा मास्तर वाड्यावर गेले. शाळेपासून पाच मिनिटांची वाट; पण जाळपोळीनंतर ते तिकडं पहिल्यांदाच जात होते. धुरपताबाई नव्या कुडाला शेण-माती लिंपत होती. तिनं हात थांबवला नाही.

"पोरीला पाठवा शाळेत," मास्तर म्हणाले. "हुशार हाय ती."

"हाय की. घरी आल्यावर तसलंच एक केलं व्हतं तिनं, फुटक्या गाडग्यात. उकिरड्यावरची नळी उचलून आनली. दिसभर त्याच्याम्होरं बसायची, जेवायची न्हाई. म्या फोडलं ते."

"अहो, फोडलं कशाला?"

"पानी म्या दुरून आनते गुर्जी. हिरीवरच्या बाया वरून वततील तवा भरते." ती भिंतीकडे तोंड करूनच बोलत होती. "परवा आमी परभनीला चाललोत, वीटभट्टीवर. दाखला द्या म्हनत न्हाई. काय करायचा?"

भिवरा आत होती. दारातून तिचे पाय दिसत होते. मास्तरांनी हाक मारली नाही.

तरी दाखला त्यांनी लिहिला. पुढं परभणीला गेले की तो खिशात घेऊन ते भट्ट्यांवर चौकशी करायचे. तिसऱ्या वर्षी एका मुकादमानं सांगितलं, धुरपताबाईच्या पोरीचं लगीन झालं, जावई ऊसतोडीला जातो, कुठं ते माहीत नाही. मास्तरांनी बदली मागून घेतली आणि देवगाव फाट्याजवळच्या शाळेवर आले. तिथं प्रदर्शनाचं काम निघालं की ते दुसऱ्या कुणाकडे तरी ढकलायचे. कारण कधी सांगितलं नाही.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत नामविस्ताराची बातमी रेडिओवर लागली. मास्तरांची बायको कमलबाई ज्वारी निवडत बसली होती. मास्तरांनी रेडिओ बंद केला आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा तिला हे सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून.

तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तवा तुमी दिनकररावाला काय म्हनलाव?"

"काईच न्हाई."

"अन् त्या पोरीला?"

"पुढच्या वर्षी नेतो म्हनलो." कमलबाईनं सूप पुढ्यात ओढलं आणि खाली मान घालून खडे वेचू लागली.