बेनिनची फेरी

साठच्या दशकात मी हॅम्बर्गला शिकत होतो. खोली गार पडायची, म्हणून रविवारी एका संग्रहालयात जाऊन बसायचो. तिथले एक म्हातारे गाइड आम्हा पाहुण्यांना बेनिन फिरवून आणत. आफ्रिकेतल्या त्या राजनगरीतले पितळी मुखवटे तेवढे समोर असत, बाकीचं शहर त्यांच्या बोलण्यात. "आल्झो, तर मग, आता आपण वेशीतून आत आलो," ते दमलेल्या आवाजात म्हणत. मग राजवाड्याचं अंगण, मग दरबार, दर वेळी त्याच शब्दांत. या वस्तू इथे कशा आल्या, असं कोणी विचारलं की "व्यापारातून" म्हणून ते पुढे चालू लागत.

एका रविवारी बंदरावर उतरलेला एक काळा खलाशी फेरीत आला. एका मुखवट्यापाशी थांबून तो मोडक्या जर्मनमध्ये म्हणाला, "मी याच शहरातला. हे इथे कसं आलं?"

या वेळी गाइड पुढे चालू लागले नाहीत.

"लुटीतून," ते म्हणाले. "इंग्रजांनी शहर जाळलं, हे नेलं आणि विकलं. आम्ही विकत घेतलं. पुढचं तुम्हीच सांगा. मी बेनिनला कधी गेलेलो नाही."

"मला काही सांगायचं नाही," खलाशी म्हणाला. "जरा बसू द्या."

गाइडनी स्वतःची खुर्ची आणून दिली आणि फेरी तिथेच संपवली. खलाशी उठेपर्यंत ते शेजारी उभे राहिले.

निघताना मी विचारलं, "पुढच्या रविवारी काय सांगणार?"

"आज सांगितलं तेच. आता दुसरं काही सांगता यायचं नाही," ते म्हणाले आणि सावकाश कोट चढवू लागले.